रनाळ्याचा हिवाळा आणि सुटीचा कारभार

तापीच्या दक्षिणेस, नंदुरबार आणि दोंडाईचा या दोन बाजारपेठांच्या दरम्यान वसलेल्या रनाळ्यासारख्या गावात सुटीचा इतिहास शोधावयास निघालेल्या माणसाच्या पदरी प्रथमदर्शनी निराशाच यावयाची; कारण सुटी ही चाकरमान्याची, आणि ज्याचा प्रपंच जिरायत रानावर व लहरी पावसावर उभा आहे, त्याची रजा मंजूर करणारा वरिष्ठ कोण? तथापि मार्गशीर्षाच्या आरंभापासून रथसप्तमीपर्यंतचे जे दोन-सव्वादोन महिने, त्यांत या टापूतील घरे भरत, लेकी माहेरी येत, सुरतेस वा धुळ्यास नोकरीवर असलेले भाऊ ट्रंक-वळकटी घेऊन ओट्यावर चढत, आणि या येण्याजाण्याला, खाण्यापिण्याला व यात्रा-जत्रांना सालाबादचा एक ठरीव क्रम असे. हा क्रम लावून देणारे हुकूमदार तीन होते : पंचांग, सरकार आणि शेत. त्यांनी एकमेकांचा सल्ला कधी घेतला नाही. तरी तिघांचे हुकूम एकाच उंबरठ्यावर येऊन पडत, आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम मात्र घरातील माणसांना करावे लागे.

या मुलखाचा हिवाळा हा मूळचा वाटसरूंचा ऋतू. सुरत बंदरातून बऱ्हाणपुराकडे जाणारा मोगल अमदानीतील मोठा व्यापारी मार्ग नवापूर-नंदुरबारवरून जात असे. अकबराच्या कारकिर्दीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते, आणि इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा १६१५ च्या नोव्हेंबरात, बऱ्हाणपुरास शाहजादा परवेझ याच्या भेटीस जाताना, याच वाटेने गेला. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल गाडीची चाके आसापर्यंत गिळी आणि नदी-नाले वाट अडवून बसत. चिखल वाळला, पाणी ओसरले, कडबा मुबलक झाला, की तांडे हलत. माल, घोडे, बैल, फकीर, गोसावी, सावकाराचे वसुलीदार आणि फौजेचे स्वार यांनी वाटा गजबजत त्या याच महिन्यांत. लग्न ठरविणे, जनावर बदलणे, दूरच्या आप्ताचा समाचार घेणे, नवस फेडणे ही गृहस्थाची कामेही स्वाभाविकपणेच याच दिवसांवर येऊन साठत. थंडी आणि पाहुणा यांची सोबत इतकी जुनी आहे. नाताळची सुटी पुढे आली ती या आधीच वाहत्या झालेल्या वाटेवर.

पंचांगाचा हुकूम त्यांतला सर्वांत जुना. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा पानात येते, हा आचार महाराष्ट्रभर आहे. परंतु खानदेशात त्या दिवसापासून जो भरिताचा अंमल सुरू होतो, त्याला धर्माचरणापेक्षा ऋतूचे पाठबळ मोठे. मोठाली, फिकट हिरवी, कमी बियांची वांगी याच थंडीत चवीस येतात. जळगावकडील भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते या जिभेच्या परंपरेवर सरकारी मोहोर उठली इतकेच. तुरीच्या काड्यांवर किंवा कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजावयाची, साल काढून ती लाकडी भांड्यात ठेचावयाची, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे व कोथिंबीर घालून तेलावर परतावयाचे, आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी, किंवा पाहुणे असल्यास पुरी, सोबत द्यावयाची, असा त्याचा शिरस्ता. हे काम परसात वा शेतात, पुरुषांच्या हातून होई. वर्षभर चुलीकडे पाठ करून बसणारा कर्ता पुरुष त्या एका दिवशी जाळाजवळ उकिडवा बसून, वांगे कोणत्या अंगाने कच्चे राहिले यावर मोठ्या अधिकाराने बोले, आणि घरातील स्त्रिया ते निमूटपणे ऐकून घेत.

चंपाषष्ठी आटोपते न आटोपते तोच दत्तजयंतीचे वेध लागत. तापीकाठच्या सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेस भरते, आणि तिच्याबरोबर भरणारा घोड्यांचा बाजार देशात नाव मिळवून आहे. मारवाड, काठेवाड, पंजाब येथील जनावरे तेथे येतात, आणि उमदा घोडा पाहावयास जमणाऱ्यांत घेणाऱ्यांपेक्षा न घेणारेच पुष्कळ असतात. रनाळ्याच्या बाजूची माणसे दमणीला वा बैलगाडीला बैल जुंपून, खाली कडबा, वर गोधडी आणि गोधडीवर मुले अशी रचना करून, पहाटेच्या अंधारात निघत. शेतकऱ्याला तेथे अवजारे, गाडीचे साहित्य, जनावरांचा साज आणि जमल्यास बैल घ्यावयाचा असे. स्त्रियांना बांगड्या व भांडी. मुलांना पाळणा, गोडीशेव आणि तंबूतल्या तमाशाच्या बाहेरून ऐकू येणारी ढोलकी. देवदर्शन हे निमित्त आणि बाजार हे खरे काम, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या समाजाने या दोहोंची फारकत कधी केलीच नव्हती. दत्तापुढे नारळ फोडणाऱ्या हातानेच तो रुमालाखाली बैलाचा भाव ठरवी, आणि दोन्ही कृत्यांत त्याची निष्ठा सारखीच असे.

पंचांगाच्या मालिकेतील शेवटचा मोठा दिवस संक्रांतीचा. चांद्रमासांच्या सणांप्रमाणे तो इंग्रजी तारखांत मागेपुढे धावत नाही, म्हणून त्याला आपण अचल समजतो. पण अयनगतीमुळे तोही हळूहळू पुढे सरकत आला आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा, आणि ती तारीख १२ जानेवारी होती. आज तोच सण चौदा वा पंधरा तारखेस येतो. आदल्या दिवशी भोगी : तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाल, गाजर, वांगी, शेंगा यांची मिसळीची भाजी. दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून आणलेल्या सुगडांत ऊस, बोरे, ओंब्या, हरभऱ्याचे घाटे भरून सुवासिनींचे वाण. त्यात या टापूची एक विशेष खूण अशी की, गुजरातेची हद्द जवळ असल्याने सुरतेकडील उत्तरायणाचा पतंग नंदुरबारच्या गच्च्यांवरून खेड्यांच्या धाब्यांपर्यंत पोहोचला. भाषिक सीमारेषा नकाशावर काढणाऱ्यांना ठाऊक नसते इतक्या सहजतेने तिळगूळ आणि मांजा येथे एकाच पोराच्या दोन हातांत नांदत आले आहेत.

दुसरा हुकूमदार सरकार. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या अंमलाखाली आला, आणि कचेरीबरोबर कचेरीचे पंचांगही आले. हुंड्या, वचनचिठ्ठ्या व धनादेश यांसंबंधीच्या १८८१ च्या कायद्यात सार्वजनिक सुटीची जी व्याख्या केली, तीत रविवार, नववर्षाचा पहिला दिवस, नाताळ आणि गुड फ्रायडे यांची नावे घातलेली होती, आणि बाकीचे दिवस सरकार वेळोवेळी जाहीर करील असे म्हटले होते. म्हणजे दिवाळी-दसऱ्याला जाहिरनाम्याची गरज होती, नाताळला नव्हती. न्यायालये, कचेऱ्या व इंग्रजी शाळा डिसेंबरअखेर बंद होऊ लागल्या, आणि ज्या दिवसांचा येथील हिंदू वा मुसलमान गृहस्थाच्या धर्माशी काडीमात्र संबंध नव्हता, ते दिवस चाकरमान्या कुटुंबांच्या भेटीचे दिवस होऊन बसले. या सुटीचा लाभ देशातील राजकारणानेही घेतला : राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईस १८८५ च्या २८ डिसेंबरास भरले आणि पुढे वर्षानुवर्षे नाताळच्या आठवड्यातच अधिवेशने भरत राहिली, याचे कारण वकील मंडळी त्याच दिवसांत मोकळी असत. खुद्द खानदेशाने ही गोष्ट आपल्या अंगणात पाहिली ती १९३६ साली, जेव्हा फैजपूर येथे, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन २७ व २८ डिसेंबरास झाले. शांतिनिकेतनाचे नंदलाल बोस यांनी बांबू व खेड्यातील साध्या साहित्यातून त्याची सजावट उभारली. साहेबाच्या सणाची सुटी साहेबाचे राज्य घालविण्याच्या कामी आली. परवानगीचा इतका सदुपयोग क्वचितच झाला असेल.

ही सुटी रनाळ्यापर्यंत आणून पोहोचविली ती मात्र रेल्वेने. तापी व्हॅली रेल्वेचा सुरत ते अमळनेर हा रस्ता १९०० साली पुरा झाला, आणि पुढे जळगावशी सांधा जुळून तो मध्य हिंदुस्थानाच्या वाहतुकीत सामील झाला. रनाळे हे त्या मार्गावरील एक स्थानक. ज्या वर्षी हे रूळ पडत होते, तेच वर्ष गुजरात-खानदेशच्या स्मृतीत छप्पन्या दुष्काळाचे, संवत् १९५६ चे. लोखंडी रस्ता आणि उपासमार यांची आठवण वृद्धांच्या बोलण्यात एकत्रच येई. रूळ घातले ते कापसासाठी : अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवीने खानदेशी कापसाला भाव आणला होता, आणि दोंडाईचा-नंदुरबारच्या जिनांतून दाबलेल्या गाठी सुरत-मुंबईकडे नेण्यास गाडी हवी होती. परंतु जी गाडी गाठी नेई, तीच परत येताना माणसे आणी. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे होऊन पश्चिम खानदेशचे दफ्तर धुळ्यास राहिले; शिक्षक, कारकून, तलाठी, रेल्वेतील खलाशी, सुरतेच्या पेढ्यांवरील गुमास्ते अशी माणसे थोडीथोडी गावाबाहेर गेली, आणि त्यांचे पुनरागमन नाताळच्या गाडीवर ठरू लागले. स्थानकापासून गावापर्यंत ट्रंक डोक्यावर घेऊन येणारा गडी, पुढे धावत जाऊन बातमी देणारी पोरे, आणि पदराला हात पुसत दारात आलेली माय : इतक्या सामग्रीवर एका साम्राज्याच्या सणाचे गावठी रूपांतर पुरे होत असे.

आता तिसरा हुकूमदार, शेत. आणि तो सर्वांत कठोर. नंदुरबार तालुक्याचा हा पूर्वेकडील भाग पावसाच्या बाबतीत कायमचा ओढगस्त. जे थोडे पिके, ते घरात येण्याची वेळ आणि पाहुणे घरात येण्याची वेळ एकच पडे. कापसाची वेचणी, तुरीची कापणी, बाजरी-ज्वारीच्या खळ्यांची आवराआवर, हरभऱ्याची राखण ही सारी कामे याच दिवसांत. महसुलाचे हप्ते या मळणीशी बांधलेले, आणि साहेबाचा दौराही याच थंडीत, तंबू ठोकून, गावोगाव फिरणारा. तेव्हा इंग्रजी शाळेतून सुटीवर आलेला मुलगा घरी पोहोचला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या गळ्यात कापसाची झोळी पडे. दव असेतो बोंडे ओली असतात म्हणून उन्हे वर येईपर्यंत थांबावयाचे, मग सरींत शिरून दुपारपर्यंत वेचावयाचे, बोटांना बोंडांच्या वाळल्या टोकांचे ओरखडे घ्यावयाचे, आणि संध्याकाळी ताजव्यात आपला कापूस चुलतभावापेक्षा किती अधिक भरला हे पाहावयाचे, हा त्या सुटीतील खेळ. त्याची मजा खरी होती, आणि त्याचा उपयोगही खरा होता. वडिलांना दोन हातांची मजुरी वाचत होती.

या कामांच्या फटींतूनच कुटुंबाचे ते बारीकसारीक क्षण घडत, ज्यांना पुढे सुटीची आठवण म्हणून मान मिळाला. पहाटे तांब्याच्या बंबात पेटविलेल्या लाकडांचा धूर, गोठलेल्या खोबरेल तेलाची वाटी चुलीच्या कडेला सरकवून ठेवणारा आजीचा हात, पूर्वेकडील भिंतीशी उन्हाची पट्टी सरकेल तसतशी सरकणारी पोरांची रांग, अंगणातील शेकोटीभोवती पुढून भाजत आणि मागून काकडत ऐकलेल्या भुताखेतांच्या व कज्जेदलालीच्या गोष्टी, आणि पौष-माघात दादर निसवली की तिच्या कोवळ्या कणसांचा गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला हुरडा. दादर ही तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत, पावसाळ्याच्या उरल्या ओलीवर वाढणारी रब्बी ज्वारी. तिच्या भाकरीचा अभिमान खानदेशी माणूस परमुलखात गेल्यावरही सोडीत नाही. हुरडा खाण्यास शेतात जमलेल्या मंडळींत अहिराणी मोकळी होई. धुळ्याच्या कचेरीत शुद्ध पुस्तकी मराठी बोलणारा कारकून तिसऱ्या मुठीला आपल्या मायबोलीवर येई, आणि त्याची शहरात वाढलेली मुले बापाकडे नव्याने पाहत.

परंतु या चित्रात एक व्यक्ती कोठेच बसलेली आढळत नाही, आणि ती म्हणजे घरातील स्त्री. पाच माणसांचे घर पंधरा माणसांचे झाले की जात्यावरचे दळणही तिप्पट होई. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचण्यापूर्वीच्या काळात थंडीची पहाट ही जावांच्या घरघरत्या जात्याची पहाट होती. पाहुणे ज्या आवाजाने कूस बदलून पुन्हा झोपी जात, तो आवाज कोणाच्या तरी खांद्यांतून निघत असे. माहेरी आलेल्या लेकीला थोडी उसंत मिळे हे खरे, पण ती उसंत तिच्या भावजयीच्या हिश्शाची असे. संक्रांतीचा तीळ निवडणे, हलव्याच्या काट्यासाठी निखाऱ्यांवर परातीपुढे तासन् तास बसणे, लहानग्याच्या बोरन्हाणाची तयारी करणे, या साऱ्याला आपण हौस म्हणतो. हौस होतीच, पण ती दिवसाचे काम उरकल्यावरची होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. पिके, पेठा, जाती, यात्रा यांची केवढी तरी माहिती त्यात आहे. तथापि पहाटे जात्यावर कोण बसले, याचा रकाना कोणत्याही दफ्तरात ठेवण्याचा रिवाज नाही.

रनाळ्याहून वायव्येस दृष्टी टाकली तर सातपुड्यात चौथेच पंचांग चाललेले दिसते. अक्कलकुवा-धडगावकडील भिल्ल पाड्यांत दिवाळीचा दिवस छापील पंचांगातून काढण्यापेक्षा गावच्या जाणत्यांनी बसून ठरविण्याची चाल आहे. एका गावची आटोपली की शेजारच्या गावची, म्हणजे सोयऱ्यांना सगळीकडे हजर राहता यावे. डाबच्या पठारावर कडाक्याच्या थंडीत पहाटेचे दव गवतावर गोठते, आणि त्या थंडीत ढोलाभोवती रात्री सरतात. नवापूरच्या बाजूस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनरी मंडळींच्या कार्याने ख्रिस्ती झालेली मावची कुटुंबे आहेत. या साऱ्या मुलखात नाताळ हा ज्यांचा स्वतःचा सण आहे अशी माणसे तीच, आणि तीही शेतमजुरी करणारी. पण याच डोंगरी तालुक्यांतील हजारो कुटुंबांना दिवाळी आटोपली की दुसरी वाट धरावी लागते. दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांचा ऊस तोडावयास नवरा-बायकोची जोडी निघते. मुकादमाच्या हिशेबात त्या जोडीचे नाव ‘कोयता’ इतकेच. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतावयाचे नाही. मुले बरोबर जातात, शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्यापुढे रेघ ओढली जाते, आणि दाराला कडी लागते. ज्या महिन्यांत रनाळ्यातील घरे माणसांनी भरतात, त्याच महिन्यांत तेथील घरे रिकामी होतात.

काळ बदलला तसा या तिन्ही हुकूमदारांचा दरारा बदलला. १९४८ पासून एस. टी. आली आणि दमणी खळ्याच्या कोपऱ्यात पडली. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला आणि कचेरीसाठी धुळ्यास खेपा घालणे संपले. सारंगखेड्याच्या यात्रेला अलीकडे ‘चेतक फेस्टिव्हल’ची जोड मिळाली असून, २०२३ साली दत्तजयंती २६ डिसेंबरास आल्याने पंचांगाची यात्रा आणि नाताळची सुटी आपोआपच एकत्र आल्या. भरीत आता वर्गमित्रांच्या मेळाव्याचे निमित्त झाले आहे, आणि खानदेशी मंडळी पुण्या-सुरतेसही थंडीत भरिताची पंगत मांडतात. कामाचेही स्थलांतर झाले. नंदुरबारची मिरची पेठ देशातील मोठ्या पेठांत मोजली जाते, आणि हिवाळ्यात शहराभोवतालच्या मोकळ्या मैदानांवर, ज्यांना तेथे पथारी म्हणतात, ओली लाल मिरची वाळत पसरलेली असते. तीवर बसून देठ खुडणाऱ्या, नाकातोंडाला फडके गुंडाळलेल्या बायका सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हलत नाहीत. अवकाळी ढग आले तर पथारीवर धावपळ उडते, आणि त्या दिवशी कोणते व्रत वा कोणती सुटी आहे हे कोणी विचारीत नाही.

जुन्या हिवाळ्याचे स्मरण करताना असे म्हणण्याचा मोह होतो की, तेव्हाचे कुटुंब एकत्र होते, निवांत होते, आणि आजचे विखुरले आहे. इतिहास या समजुतीस अर्धीच साक्ष देतो. कुटुंब एकत्र येई हे खरे. पण ते निवांत असे म्हणून एकत्र येत नसे, काम असे म्हणून येई, आणि त्या कामाच्या सोबतीत जी जवळीक निपजे तिला आपण मागाहून विश्रांतीचे नाव दिले. कामे घराबाहेर गेली, गिरणीने जाते थांबविले, वेचणी मजुरांवर सोपविली, तेव्हा सुटी प्रथमच खरोखर मोकळी झाली, आणि ती कशाने भरावी हा प्रश्नही प्रथमच निर्माण झाला. हा बदल शोचनीय खास नव्हे. जात्यावरची ती पहाट परत यावी असे, ज्यांनी दळले त्यांच्यापैकी कोणी म्हणणार नाही. मात्र सुटीचा इतिहास लिहिणाऱ्याने पंचांग, सरकारी जाहिरनामा आणि रेल्वेचे वेळापत्रक ही तिन्ही साधने पाहून झाल्यावर एक प्रश्न अवश्य विचारावा : त्या दिवशी कामावर कोण होते? पूर्वी याचे उत्तर त्याच घराच्या माजघरात मिळे आणि पाहुण्याला ते रोज दिसे; आज ते पथारीवर आणि बार्डोलीच्या उसाच्या फडात आहे, म्हणून सुटी घेणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. खानदेशच्या हिवाळ्यातील सर्वांत मोठे स्थित्यंतर शोधावयाचे असेल, तर ते मला या अंतरातच दिसते.